गुडघ्याच्या नावावर राबलेली पिशवी

मानवजातीच्या वेदनांचा इतिहास ज्या दिवशी लिहिला जाईल, त्या दिवशी माझे नाव त्यात सुवर्णाक्षरांनी कोरले जाईल, अशी तरुणपणी माझी पक्की समजूत होती. सध्या माझ्या अंगावर बॉलपेनने 'खाऊ नये' असे लिहिलेले आहे.

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पिशवी आहे. खरे तर माझ्यात बर्फ नाही. निळा, गिळगिळीत, गोठला तरी थोडासा लवणारा असा एक लगदा आहे. पण 'लगद्याची पिशवी' म्हटले की ऐकणाऱ्याचे तोंड वाकडे होते, म्हणून बर्फाची म्हणायचे. माझा मुक्काम फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, मटारांची पिशवी आणि बर्फाचा साचा यांच्या मधे. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, थकलेला घोडा यांची आत्मवृत्ते तुम्ही वाचली असतील. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. माझ्याजवळ आहे ते सगळे लपवण्यासारखे. तरीही सांगते, मात्र सांगताना मी जरा खाली बघून बोलेन, तेवढे चालवून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका यंत्राने माझ्यात लगदा भरला, दुसऱ्याने माझ्या कडा शिवल्यासारख्या चिकटवल्या, आणि पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटावर अंगठा दाबून "गळत नाही" असे म्हटले. आयुष्यात मिळालेले हे माझे पहिले प्रशस्तिपत्रक. मला ज्या खोक्यात घातले त्यावर एका खेळाडूचे चित्र होते. त्याने पिशवी घोट्यावर धरली होती आणि तो हसत होता. ज्याचा घोटा मुरगळला आहे तो इतका का हसतो, हे मला त्या वयात कळले नाही. पण आपली जागा घोट्यावर, हे मनावर ठसले. खोक्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते, 'कापडात गुंडाळून वापरा, वीस मिनिटांहून अधिक नको.' मुंगीएवढी अक्षरे कोण वाचतो?

मला विकत घेतले ते व्हॉलीबॉल खेळणाऱ्या एका मुलीने. ते दिवस, मित्रांनो, माझ्या वैभवाचे. तिचा घोटा दर महिन्याला मुरगळायचा आणि मी दर महिन्याला धावून जायची. अख्खा संघ घरी यायचा, मी सगळ्यांसमोर कोचावर बसायची. 'खाऊ नये' हे तिनेच लिहिले, कारण तिच्या वडिलांनी एकदा मला जेली समजून सुरी हातात घेतली होती. पुढे तिला दूरच्या गावी नोकरी लागली. जाताना तिने जाळे, बूट, पदके सगळे नेले. मी मागे राहिले. चार वर्षे कोणी मला हात लावला नाही. माझ्यावर बर्फाचा थर चढला. बर्फाच्या पिशवीला बर्फाखाली गाडावे, हे मला नाही म्हटले तरी लागले.

मग एके दुपारी तिच्या वडिलांनी फ्रीज उघडला.

वडील घड्याळजी होते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, दुकानात एक टेबल, टेबलापुढे एक स्टूल. त्या स्टुलावर एका डोळ्याला भिंग लावून ते एकोणतीस वर्षे बसले होते. मनगटी घड्याळाच्या आतले केसाएवढे स्प्रिंग चिमट्याने उचलताना ते श्वाससुद्धा परवानगी घेऊन घेत. आणि अशा माणसाला नेमके बसता येईनासे झाले होते.

कुठे दुखत होते, ते आता मला सांगावे लागेल. ओटीपोटाच्या तळाशी. आत. माणूस बसतो त्या जागेच्या जरासे वर. बसले की तिथे कुणीतरी तापलेली गोटी ठेवल्यासारखे होई. उभे राहिले की गोटी थोडी निवायची, परत बसले की परत तापायची. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, रोज. घड्याळजींनी हे कुणाला सांगितले? कुणालाही नाही. हात मोडला तर माणूस गळ्यात अडकवून गावभर मिरवतो. दात दुखला तर गाल धरून बसतो आणि चार लोक उपाय सांगतात. पण ही जागा अशी, की तिचे नाव काढले तर आधी समोरच्याची नजर खाली जाते आणि मग आपली.

एकदा थंडीच्या दिवसांत मागच्या दारच्या फरशीवर टेकले असताना त्यांना बरे वाटले होते. शोधक वृत्तीचा माणूस. त्यांनी प्रयोग करायचे ठरवले. पहिला प्रयोग मटारांवर झाला. मटार परत आले तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात घरात मटार शिजले, आणि घड्याळजींनी आज भूक नाही असे सांगितले.

दुसऱ्या प्रयोगाला मी गेले.

मित्रांनो, टॉवेलात गुंडाळून मला स्टुलावर ठेवले आणि घड्याळजी माझ्यावर बसले, तेव्हा खोक्यावरचा तो हसरा खेळाडू माझ्या डोळ्यांपुढे आला. आपण कुठून कुठे आलो, असे वाटून मी शरमेने पाणी पाणी झाले. अक्षरशः झाले, ते माझ्या कामाचे स्वरूपच आहे. पण दोनेक मिनिटांनी वरून एक सुस्कारा आला. लांब, सावकाश, कितीतरी दिवस अडवून ठेवलेला. असा सुस्कारा मला व्हॉलीबॉलच्या अख्ख्या संघाकडून कधी मिळाला नव्हता. तेव्हा लाजावे की फुगावे, हे मला ठरवता येईना. मी दोन्ही केले.

घड्याळजींची बायको शाळेत चित्रकला शिकवायची. ती दोन वाजता परत यायची. त्यामुळे माझी ड्यूटी दीड वाजता. शर्टाखाली दडवून मला दुकानात न्यायचे आणि तसेच परत आणायचे. भर दुपारी आपल्याच घरात आपल्याच फ्रीजमधून चोरी करणारा एवढा प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिला नाही. एक दिवस शाळा लवकर सुटली आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. घड्याळजी मला हातात धरून वाकत वाकत येत होते.

"हे काय?" तिने विचारले.

"गुडघा," घड्याळजी म्हणाले.

"कुठला?"

हा प्रश्न त्यांनी अपेक्षिला नव्हता. "डावा," ते म्हणाले. डाव्या मनगटावर घड्याळ होते, म्हणून डावा. लक्षात ठेवायला सोपे.

त्या दिवसापासून डावा गुडघा आजारी पडला. बायको रोज संध्याकाळी त्याला तेल चोळू लागली. गरम करून, वाटीत घेऊन, पंधरा मिनिटे. गुडघा मुळात ठणठणीत. त्याला हे लाड फार मानवले. शाळेचे दरवर्षी डोंगरावर चित्रकलेचे शिबिर असे, तिथे घड्याळजींना घेऊन जाणे हा तिचा वर्षातला एकमेव हट्ट. घड्याळजींना तो चढ झेपायचा नाही म्हणून तिने ते एक वर्ष सोडले, दुसऱ्या वर्षीही सोडले. रंगांची पेटी उघडून रंग सुकले नाहीत ना एवढे बघायची आणि मिटायची. घड्याळजी ते बघायचे. मग ते मला घेऊन बसायचे तेव्हा त्यांचे सगळे वजन माझ्यावर यायचे. नुसते शरीराचे असते तर मी तक्रार केली नसती.

आणि मी तरी काय करत होते? मी तेवढ्यापुरती जागा बधिर करत होते. मी होते म्हणून त्यांना आजचा दिवस निभावता येत होता, आणि आजचा दिवस निभत होता म्हणून ते डॉक्टरकडे जात नव्हते. औषध म्हणून आले आणि पडदा होऊन बसले. हे मला तेव्हा कळत होते. माझी अडचण एवढीच, की पिशवीला तोंड नसते.

दोन वर्षे अशी गेली. बसण्याचा वेळ तासावरून अर्ध्या तासावर आला, मग वीस मिनिटांवर. लोकांची घड्याळे तशीच परत जाऊ लागली. शेवटी एका सकाळी घड्याळजींनी बायकोला सांगितले की या महिनाअखेर दुकान बंद करायचे. तिने कारण विचारले. घड्याळजी गुडघा म्हणाले.

बायकोने चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही घड्याळं गुडघ्याने दुरुस्त करता?"

खोटे बोलणाऱ्याने निदान शरीरशास्त्राचा थोडा अभ्यास करावा. बायकोने मग त्यांच्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतले. ताई म्हणजे घरातले उच्च न्यायालय. ताई आल्या, आणि एकतीस वर्षांचे दुकान, वडिलांनी घेऊन दिलेले टेबल, बसून राहिलेला पुरुष घरात किती जागा अडवतो, या विषयांवर दीड तास बोलल्या. बोलून त्यांचेच डोके दुखायला लागले. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, फ्रीज उघडला आणि मला बाहेर काढून कपाळावर ठेवले.

घड्याळजी पांढरेफटक पडले. मी आधीच निळी होते.

"आहाहा," ताई म्हणाल्या. त्यांनी मला कपाळावरून डोळ्यांवर घेतले. डोळ्यांवरून या गालावर, मग त्या गालावर. "एवढी छान वस्तू, आणि तू ही गुडघ्याला लावतोस? वाया घालवतोस."

ताईंनी मला हनुवटीखाली धरले आणि पुढे म्हणाल्या की हिला वासही जरा औषधीच आहे.

त्या वेळी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर बरे, असे मला वाटले. पण आमच्या स्वयंपाकघरात पक्क्या फरश्या होत्या.

ताई जाईपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. घड्याळजींना ताईंसमोर माझ्याशिवाय बसून बसून असह्य झाले होते. ताईंची पाठ वळताच त्यांनी मला काढले. बायको त्या दिवशी शाळेतून संध्याकाळीच येणार होती. टॉवेल वाळत घातला होता. तो आणायला अंगणात जावे लागले असते. विजार आहेच की मधे, असा विचार करून ते तसेच बसले. ती विजार धुऊन धुऊन इतकी पातळ झालेली होती, की तिच्यातून वर्तमानपत्र वाचता आले असते.

आता घड्याळजींच्या धंद्यातली एक रीत सांगते. जे घड्याळ लहरीपणाने मधेच थांबते आणि आपले आपण परत चालू होते, त्याचा दोष उघडून सापडत नाही. ते समोर टांगून ठेवायचे आणि रोजच्या कामात त्याच्याकडे बघत राहायचे. कधीतरी चोर हाती लागतो. त्या आठवड्यात टेबलासमोर असेच एक लंबकाचे घड्याळ टांगले होते. घड्याळजींनी माझ्यावर बसताना मनगटावरचे घड्याळ कामासाठी काढून ठेवले आणि सवयीने यातच बघितले. एक वाजून पस्तीस मिनिटे. दोनला पाच कमी असताना उठायचे. भिंग लावले आणि बायकांच्या एका मनगटी घड्याळात शिरले.

चोराने नेमका तोच मुहूर्त साधला. भिंतीवरचे घड्याळ थांबले. किती वेळ, ते त्यालाच ठाऊक. मग कुणी बघत नाही असे पाहून परत टिकटिकू लागले. घड्याळजींनी मधे दोनदा मान वर केली. दोन्ही वेळा अजून वेळ होता. वीस मिनिटे पुरी झाली तेव्हा बाहेर तीन वाजत आले होते.

मित्रांनो, मी सगळे बघत होते. म्हणजे मला काही दिसत नव्हते, पण जाणवत होते. माझा गारठा त्या पातळ कापडातून कातडीत उतरत होता, आणि कातडी केव्हाच बधिर झाल्यामुळे तिला हाक मारता येत नव्हती. ज्याचे दुखणे हलके करायला मी गेले, त्यालाच मी भाजले. हो, बर्फानेही भाजते. आधी पांढरा चट्टा, मग लाल, मग टचटचीत फोड. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शरम हीच. मटार, शर्टाखालची चोरी, ताईंची हनुवटी, हे सगळे मी विसरेन. हे नाही. आणि घड्याळजींची शरम माझ्याहून मोठी. एकतीस वर्षे गावाला वेळ दाखवणाऱ्या माणसाला चुकीच्या घड्याळाने बसल्या जागी भाजले होते.

त्या संध्याकाळी घड्याळजी उभ्याने जेवले. बायको तेलाची वाटी घेऊन आली. बसा म्हणाली, ते बसेनात. पलंगावर टेका म्हणाली, टेकेनात. तेव्हा ती काही न बोलता जमिनीवर बसली, आणि पुतळ्यासारख्या उभ्या असलेल्या नवऱ्याच्या डाव्या गुडघ्याला तेल लावू लागली. शाळेत दिवसभर उभी राहिलेली बाई. तिच्या बोटांना अजून खडूचा रंग होता. मी ओट्यावर तशीच पडलेली होते, पाणी गळत. त्या दिवशी मला परत आत ठेवायचेही कुणाला सुचले नव्हते.

"अगं," घड्याळजी म्हणाले, "गुडघा नाही दुखत."

"बरं आहे ना मग. तेलाने ठणका उतरला."

"आज नाही असं नाही. कधीच नाही दुखला."

तिचा हात थांबला. तेलाचा एक थेंब पोटरीवरून खाली आला.

"मग काय दुखतं?"

घड्याळजींना घड्याळाच्या दीडशे भागांची नावे येत होती. या एका भागाचे नाव त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी हाताने दाखवले. "इथे. खाली. आत. बसलो की." मग डोळे मिटून सगळेच सांगितले: गोटी, मटार, मी, टॉवेल नसलेली दुपार, फोड. ताईंच्या कपाळाचेही सांगितले. कबुलीजबाब एकदा सुरू झाला की माणूस किरकोळ गुन्हेसुद्धा ओतून मोकळा होतो.

"मला सांगायची लाज वाटली?"

"हो."

"आणि मी रोज तेल चोळत होते तेव्हा?"

"तेव्हा जास्त."

बायकोने त्या गुडघ्याकडे बघितले. तेलाने तो लखलखत होता. "दोन वर्षं," ती म्हणाली. "पैलवान झाला असेल तो आता. आखाड्यात उतरवा त्याला." आणि मग ती हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता दोनदा त्याच गुडघ्यावर चापट मारली, आणि शेवटी डोळे पुसून म्हणाली, "वन्संना हे जन्मात कळता कामा नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. घड्याळजींनीच मला पुरावा म्हणून डब्यात घालून नेले, त्यामुळे पुढचे मी स्वतः ऐकले. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांना बघून घड्याळजींची वाचा पुन्हा बसली. पण या वेळी त्यांनी तयारी केली होती. गिऱ्हाइकाच्या घड्याळाला बांधतात तशी चिठ्ठी त्यांनी खिशातून काढून पुढे केली. 'तक्रार: बसल्यावर आत दुखते. कधीपासून: सव्वादोन वर्षे. पडले होते काय: नाही. पाण्यात गेले होते काय: नाही. आधी कुणी उघडले होते काय: नाही.'

डॉक्टरांनी ती पूर्ण वाचली. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. हा संयम शिकवत असावेत. "एवढी नीट तक्रार मला कुणी लिहून देत नाही," त्या म्हणाल्या. "ही जागा दुखणारे तुम्ही या आठवड्यातले चौथे."

"चौथे?" घड्याळजी म्हणाले. दोन वर्षे त्यांना वाटत होते की जगात आपण एकटेच.

तपासण्या झाल्या. भयंकर काही निघाले नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बसून बसून आवळले गेले होते, चावी जास्त दिलेल्या स्प्रिंगसारखे. हे घड्याळजींना एका वाक्यात पटले. ते सैल करायचे व्यायाम, पोटातून श्वास, दर अर्ध्या तासाला उठणे, एक उंच टेबल, म्हणजे निम्मे काम उभ्याने. माझ्याबद्दल डॉक्टर म्हणाल्या की ही वाईट नाही. कळ आली की कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावा, कुणाला गारवा मानवतो, कुणाला शेक. "पण ही दुखणं गप्प करते, बरं करत नाही. आणि फोड भरेपर्यंत हिला सुट्टी." मी डब्यात आणखी थोडी पाणी पाणी झाले.

दुकान बंद झाले नाही. महिनाअखेर उलटली, तिच्या पुढचीही उलटली. घड्याळजी आता निम्मा दिवस उभे असतात. दुखणे पूर्ण गेलेले नाही. काही दिवस गोटी येते, पण आता ती आली की ते तसे सांगतात. "आज येतंय," म्हणतात, आणि बायको हातातले ब्रश न ठेवताच "पिशवी देऊ?" विचारते. भर दिवसा, मोठ्या आवाजात, शेजारच्या खिडकीला ऐकू जाईल असे. यंदाच्या शिबिरात काढलेला डोंगर तिने दुकानात टांगला आहे. डाव्या गुडघ्याचे तेल बंद झाले आहे. तो हल्ली मधूनमधून कुरकुरतो म्हणे, पण त्याच्यावर आता कुणाचा विश्वास नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करावा लागतो, म्हणून करते. तुमच्या शरीरातली प्रत्येक जागा तुमचीच आहे. जी सांगायला सोपी ती आणि जी अवघड तीही. जिथे दुखते तिथलेच नाव घ्या. निरोगी जागा पुढे केलीत तर तुमच्यावर माया करणारे माणूस वर्षानुवर्षे चुकीच्या जागी तेल चोळत राहील, आणि तुम्हाला ते बघत उभे राहावे लागेल. त्या बघण्याहून कुठलेही दुखणे कमी दुखते. हे मी पाहिलेले आहे.

आता एवढे ऐकलेतच, तर एक विनंती. घड्याळजींच्या बायकोने माझ्यासाठी दोन सुती खोळी शिवल्या आहेत, फुलाफुलांच्या. त्या दर रविवारी धुतल्या जातात, दोरीवर वाळतात, त्यांना इस्त्रीही होते. पण खोळीच्या आत जी असते, तिला आजवर कुणीही साबण लावलेला नाही. ताई परवा पुन्हा मुक्कामाला येणार आहेत.

तेवढे मला कुणीतरी धुवा.